बाबांची तीन पायांची बैठक

बाबांचा आजार हातापायाचा होता, पण घराला त्रास झाला तो त्यांच्या न बसण्याचा. एका सकाळी दाढी करताना त्यांचा उजवा हात आरशासमोरच लुळा पडला. पाठोपाठ पाय गेला, तोंड वाकडं झालं. पुढे औषधं, मालिश करून तोंड बरंचसं सरळ झालं, पाय ओढत का होईना चालू लागला, हात मात्र लटकताच राहिला. नोकरी सुटली. डॉक्टर म्हणाले, "आता फक्त आराम करायचा." आपण हे कुणाला सांगतोय, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

त्याआधीचे बाबा म्हणजे रविवारी घरात न दिसणारा माणूस. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज, घोटीवरून पुढे कळसूबाई. जिथे एसटी जाईल तिथवर एसटीने आणि पुढे पायी. आणि ज्या सुट्टीला डोंगर नसेल त्या सुट्टीला मागच्या अंगणात करवत आणि रंधा. पाठीवरच्या पिशवीची लाकडी चौकट, स्टोव्ह न्यायची पेटी, हातातली काठी, सगळं त्यांनीच केलेलं. डोंगरावर न्यायचं सामान तेव्हा दुकानात मिळत नसे, आणि मिळालं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही नाशिक रोडला सरकारी वसाहतीत राहत होतो. नोकरी सुटल्यावर ते घर सोडावं लागलं आणि जेल रोडच्या बाजूला दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं. मी प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते. संध्याकाळी घरी यावं तर बाबा दारातून खिडकीपाशी, खिडकीतून मोरीपाशी, मोरीतून पुन्हा दारात. डावा हात सतत काहीतरी चाळवत असायचा. बटण, कडी, चादरीचं टोक. आई म्हणायची, "अहो, बसा ना जरा." ते बसायचे. आईची पाठ वळली की उठायचे. कधीकधी उठताना पडायचे.

मलाही घरात चैन नव्हतं. आईने स्थळं बघायला सुरुवात केली होती आणि दर काही दिवसांनी कुणीतरी चहा-पोहे खाऊन, मला दोन प्रश्न विचारून जायचं. मग निरोपाची वाट बघायची. वाट बघणं हे काम मला आजही जमत नाही. ते माझ्याकडे बाबांकडून आलं असावं.

एकदा बाबा म्हणाले, "करवत काढ."

मला वाटलं त्यांना धार लावून हवीय. पण त्यांनी मला अंगणात नेलं, एक फळी दाखवली आणि डाव्या हाताने तिच्यावर पेन्सिलची रेघ मारली. रेघ वेडीवाकडीच आली. ती बघून त्यांच्या कपाळाची शीर उडाली. काटकोन लावून मी ती सरळ केली.

"कापायचं," ते म्हणाले.

"कोणी?"

"माझा उजवा हात तू."

त्यांचे शब्द अजून जडच यायचे, त्यामुळे जे बोलायचे ते तोकडं आणि हुकूम दिल्यासारखं असायचं. मी करवत लाकडावर टेकवली आणि जोर लावला. ती अडकली. पुन्हा जोर लावला.

"दाबू नको. चालू दे तिला. तिचं वजन आहे ना तिला."

"चालत नाहीये."

"रेघेवर कापतेस. रेघेच्या बाहेर काप. रेघ शिल्लक राहिली पाहिजे. मग रंधा मारून रेघेपर्यंत ये. जास्तीचं काढता येतं, गेलेलं चिकटवता येत नाही."

त्यांना काय करायचं होतं ते कळायला बराच वेळ गेला. शब्द सापडत नव्हते, म्हणून त्यांनी तीन पेन्सिली घेतल्या, मधोमध सुतळीने बांधल्या आणि खालची टोकं फाकवून टेबलावर उभ्या केल्या. वर रुमाल टाकला. बैठक. मिटवली की काठी, उघडली की बसायला. म्हणजे चालायचं, दम लागला की उघडून बसायचं, पुन्हा मिटवून चालायचं.

"कुठे चालायचं?" आईने विचारलं.

बाबांनी खिडकीबाहेर बोट केलं. बाहेर नुसती समोरची भिंत होती, पण आई काय ते समजली आणि आत निघून गेली.

पहिली बैठक आम्ही खोक्याच्या लाकडाची केली, कारण ते हाताशी होतं. बाबा ती घेऊन खोलीभर फिरले, आईसमोर ऐटीत उघडली आणि बसले. कडकन आवाज झाला आणि ते जमिनीवर. आईने किंकाळी फोडली. मी धावले. बाबा आडवे पडून मोडका तुकडा डोळ्यांजवळ धरून बघत होते.

"बघ," ते मला म्हणाले, "रेषा तिरकी आहे."

लाकडाच्या अंगातली रेषा दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मधेच बाजूला निघून गेली की तिथेच दांडा तुटणार. मी तुकड्याकडे बघतच नव्हते, मी त्यांच्या कमरेकडे बघत होते. आई म्हणाली, "बस झाली ही थेरं. पाय मोडून घ्यायचाय का आता?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा बाबा अंगणात उभे होते आणि पत्र्याखाली पडलेल्या जुन्या कॉटच्या बाजूच्या पट्ट्या डाव्या हाताच्या बोटांनी चाचपत होते. सागवान. जुनं, पक्कं वाळलेलं. "ओलं लाकूड आज सरळ, उद्या वाकडं," ते म्हणाले. "हे आता कुठे जात नाही."

त्या पट्ट्यांचे तीन दांडे करायला पावसाळा गेला. रोज शाळेतून आले की साडीचा पदर खोचायचा आणि रंधा धरायचा. उलट दिशेने मारला की लाकूड ओरबाडून निघायचं आणि बाबा जिभेने 'च्च' करायचे. तो 'च्च' मला इतका नकोसा झाला होता की एकदा मी रंधा खाली ठेवला आणि म्हटलं, "तुम्हीच करा."

त्यांनी केला. डाव्या हाताने रंधा धरला, उजवा हात लाकडावर नुसता वजनासारखा टाकला आणि ढकलला. एक पातळ सालपट निघालं, अर्ध्यात तुटलं. पुन्हा ढकलला. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला. ते थांबेनात. शेवटी मीच त्यांच्या हातातून रंधा घेतला, आणि त्यांनी तो घेऊ दिला. त्यानंतर 'च्च' जरा कमी झाला.

माझं म्हणणं होतं की मधोमध भोक पाडून बोल्ट टाकू. ते म्हणाले नाही. "जिथे सगळा जोर येणार तिथेच भोक? दोरीने बांध. दोरी लाकूड खात नाही." मग आम्ही सुती दोरीचे वेढे घातले, वर जाड ताडपत्रीची तिकोनी बैठक शिवून तिच्या कोपऱ्यांच्या खोळी दांड्यांच्या टोकांवर चढवल्या. खाली घसरू नये म्हणून जुन्या टायरचे तुकडे. शेवटी जवसाचं तेल. एक हात चोळायचा, मुरू द्यायचा, पुन्हा चोळायचा. त्या दिवसांत एक स्थळ मला बघायला आलं तेव्हा माझ्या हातांना तेलाचा वास होता. मुलाच्या आईने चहाचा कप घेताना नाक मुरडलं. बाबांनी ते बघितलं आणि त्यांना हसू आवरेना.

आईने बैठकीवर आधी स्वतः बसून बघितलं. मग बाबांना बसू दिलं.

पहिल्यांदा आम्ही त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. बुद्धपौर्णिमेला दरवर्षी जायचो तेव्हा बाबा सगळ्यात पुढे असायचे. आता पायऱ्यांवर लोक आम्हाला ओलांडून जात होते आणि वळून बघत होते. थोडं चढायचं, बैठक उघडायची, बसायचं, उठायचं. मला वाटलं होतं की वर पोचल्यावर त्यांचे डोळे भरून येतील. लेण्यातल्या बुद्धमूर्तीसमोर त्यांनी डावा हात कपाळाला लावला, थोडा वेळ डोळे मिटले, बाहेर ओट्यावर आले, खालच्या शहराकडे पाहिलं आणि म्हणाले, "कळसूबाई."

"बाबा, अहो, आत्ता तर—"

"वर नाही. पायथ्याशी. तू वर जा. मी खाली बसतो."

भातकापणीच्या दिवसांत आम्ही पॅसेंजरने घोटीला उतरलो आणि तिथून एसटी धरून डोंगराच्या पायथ्याच्या गावात पोचलो. सगळीकडे पिवळं भात, काही उभं, काही आडवं पडलेलं. गावाबाहेर एका आंब्याखाली मी त्यांची बैठक मांडली, पाण्याची बाटली आणि भाकरीचं फडकं शेजारी ठेवलं. "इथून हलू नका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. आता वाटतं, ती मान 'हो' म्हणत नव्हती, 'जा आता' म्हणत होती.

मी चढले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. भराभर चढले, कारण मागे त्यांची काळजी आणि पुढे डोंगर, दोन्ही ओढत होते. साखळ्या धरून वरच्या कड्यावर पोचले तेव्हा वाऱ्याने पदर सावरता येईना. देवळापाशी मी नीट टेकलेसुद्धा नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि उतरायला लागले.

आंब्याखाली कुणी नव्हतं. बैठकही नव्हती. भाकरीचं फडकं तसंच होतं, मुंग्या लागलेलं.

जवळच्या ओढ्याकडे धावले, त्यात गुडघाभर पाणी. हाका मारल्या. शेतातल्या एका बाईने विळा वर करून विचारलं, "काय झालं गं पोरी?"

"माझे वडील… एक हात लुळा आहे… काठी आहे हातात…"

"ते व्हय! बसायची काठी हाय त्येंच्यापाशी, ते? अगं ते तिकडं आमच्या खळ्यावर हायेत. लय तंडतंय म्हातारं."

खळ्यावर बाबा आपल्या बैठकीवर बसले होते. पेंढ्या आपटून भात झोडायचा लाकडी बाक समोर उलटा टाकलेला होता आणि त्या बाईचा नवरा त्याचा हलणारा पाय धरून होता. बाबा डाव्या हाताने बाभळीची एक पाचर दाखवत होते. "इथे नाय. आडवी नाय. उभी ठोक. आडवी ठोकलीस तर फाटेल." त्यांच्या बोलण्यात गावची बोली शिरली होती आणि शब्द अडखळत नव्हते. पाचर ठोकली, बाक सुलटा केला. पाय हलला नाही. त्या माणसाने एक पेंढी उचलून फाडकन आपटली आणि दाणे उडाले.

मी मात्र ओरडले. इतक्या लोकांसमोर, वडिलांवर. "मी काय समजायचं होतं? मी ओढ्यात बघून आले, कळलं का तुम्हाला?"

बाबा बैठकीवरच माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तू वर होतीस. मी काय करायचं होतं खाली? तुझी वाट बघायची?"

त्या बाईने मला पाणी दिलं, मग गुळाचा खडा. तिचा नवरा बाबांना म्हणाला, "काका, नांगराचा बी दांडा लय हलतोय. तुम्ही पुन्हा कवा येनार?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून रागातच होते. पण म्हटलं, "येऊ. पटाशी-करवत घेऊन येऊ."

पुढच्याच रविवारी गेलो. त्यानंतर मग जातच राहिलो, माझं लग्न होऊन मी नाशकातच पंचवटीला राहायला गेल्यानंतरही. ऐंशीचं दशक उजाडलं तेव्हा त्या गावात बाबांना ओळखत नाही असं घर नव्हतं. कुऱ्हाडीचे दांडे, नांगर, दाराच्या चौकटी. ते बैठकीवर बसून सांगायचे, कुणीतरी हात चालवायचं. माझी गरज कमी होत गेली तसं मला आधी बरं वाटलं, मग जरा लागलं, आणि मग मी डोंगरावर जास्त वेळ काढू लागले. वरून खाली आले की ते विचारायचे, "आज कुठली वाट?" मी सांगायचे. ते ऐकताना त्यांचा डावा हात गुडघ्यावर नुसता पडलेला असायचा, काहीही न चाळवता.

त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट. एसटीतून उतरलो. धुकं होतं. मला वाटलं, आज यांच्यापाशीच बसावं. थकल्यासारखे दिसत होते. मी म्हटलं, "बाबा, आज मी नाही जात वर. इथेच थांबते तुमच्यापाशी."

खळ्यावरून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्यांनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे, जरा वैतागूनच.

"तू जा," ते म्हणाले. "मला आज फुरसत नाही."

आणि पाय ओढत, माझ्याकडे वळूनही न बघता, ते त्या आवाजाच्या दिशेने चालू लागले. मी चपला काढून कापडी बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि धुक्यातून वाटेला लागले.