निरोगी माणसाचा नमुना

डोक्याला मार लागला की त्याच्या खुणा रक्तात उतरतात, आणि त्या रक्ताच्या थेंबावर लेसर टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात त्या ओळखता येतात, हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलंय की सरस्वतीपुरममधले आमचे शेजारी मला बघून गेट लावून घेतात. पुण्याहून म्हैसूरला आलो तो याच कामासाठी. ‘डोक्याचा मार हसण्यावारी नेऊ नका’ हे माझं ठरलेलं वाक्य.

त्यामुळे म्हैसूरजवळच्या येलवालच्या गतिरोधकावर स्कूटरवरून आपटलो, तेव्हा उठून आधी इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. कपाळाच्या वर टेंगूळ आलं होतं, त्यावर केस नीट बसवले. बायकोला एक अक्षर बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. मी ऐटीत बाही वर केली.

माझ्यासोबत एक तरुण संशोधक काम करते. इथल्याच जुन्या मराठी घराण्यातली, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मं कन्नड. तासाभरानं ती म्हणाली, “सर, तुमचं रक्त मार लागलेल्यांसारखं दाखवतंय. निरोगी लोकांत असं इल्ला.”

“काच नीट पुसलीस का?” मी खेकसलो.

तिनं काचच बदलली. आलेख तोच. मग मी भिंगाला नावं ठेवली, मग लेसरला, मग विजेच्या दाबाला, शेवटी तिच्या हाताला. यंत्र चुकतंय हे सिद्ध करायला त्या दिवशी जी मेहनत घेतली, तेवढी ते बरोबर आहे हे दाखवायला उभ्या आयुष्यात घेतली नसेल. डोकं ठणकत होतं. त्याचंही खापर तिच्याच डोक्यावर फोडलं.

संध्याकाळी तिनं रक्त देताना भरलेला माझा फॉर्म समोर ठेवला. ‘अलीकडे डोक्याला मार लागला होता का?’ प्रश्न मीच तयार केलेला आणि उत्तरही माझंच: नाही. खाली झोकदार सही.

“असंच ठेवू का, सर?”

“काच नीट पुसलीस का?” मी ओरडलो.

ती हळूच म्हणाली, “सर, हे तुम्ही चौथ्यांदा विचारताय. अगदी याच शब्दांत.”

मला एकदाच विचारल्याचं आठवत होतं. खोटं कशाला बोलू, मी जाम घाबरलो. ‘नाही’ खोडून ‘हो’ लिहिलं आणि खुर्चीत बसून तिला म्हटलं, “माझ्या बायकोला फोन लाव गं.”

स्कॅनमध्ये मेंदूजवळ बारीकसा रक्तस्राव दिसला. शस्त्रक्रिया टळली, पण देखरेखीसाठी ठेवून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, “तीन दिवसांनी यायचं कसं काय सुचलं?” इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो हाच! पण लेसर, रक्त, प्रकाश, काहीच तोंडातून निघेना. दारात उभ्या असलेल्या त्या पोरीकडं बोट दाखवून म्हणालो, “ती म्हणाली म्हणून.”

बायको एका शब्दानं रागावली नाही. मला त्याचीच धास्ती वाटली. ‘अधूनमधून यांना काहीतरी विचारत राहा,’ असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. ती तासातासाला एकच विचारायची, “आपल्या लेकीचं नाव सांग.” मी सांगायचो. पाचव्यांदा मात्र चिडलो, “अगं, तूच तर ठेवलंयस ना!”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती संत्रं सोलत बसली होती. परत तेच विचारलं. म्हटलं, जरा गंमत करू, म्हणून छताकडं बघत नुसताच पडून राहिलो. तिचा हात थांबला. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि घाईघाईनं नाव सांगून टाकलं, आडनावासकट.