एसटीसाठी केलेला अर्ज

मंचरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. राहते लोणीच्या पुढच्या गावात. तिथून सकाळी निघायला एकच साधन होतं, गावातल्या एका भाऊंची जीप. तिची सुटायची ठरलेली वेळ नव्हती. बारावं शीट बसलं की सुटायची. एकदा वर्गावर वीस मिनिटं उशिरा पोचले आणि धापा टाकत फळ्यावर लिहिलं, ‘मक्तेदारी’. पोरं हसली. त्यातली तिघं माझ्याच जीपमधून आलेली.

मग गावातल्या एका निवृत्त फौजीनं व्हॅन घेतली. तो घड्याळ बघून गाडी काढायचा. भाऊ एकदम मवाळ झाले. "मॅडम, खिडकीपाशी बसता का?" असं विचारू लागले. त्या दोन महिन्यांत खुल्या स्पर्धेचा धडा मी फार रंगून शिकवला.

एके सकाळी फाट्यावर आरटीओची गाडी उभी. व्हॅन पकडली, प्रवासी वाहतुकीचं परमिट नव्हतं. तक्रार भाऊंची होती. परमिट त्यांच्याकडेही नव्हतं, पण त्यांची जीप नेमकी त्याच दिवशी सर्व्हिसिंगला होती.

"भाऊ, हे बरं केलं नाहीत," मी म्हणाले.

"कायदा नको का पाळाया, मॅडम? लोकांच्या जिवाचा प्रश्न हाये!"

फौजीनं व्हॅन गोठ्याशेजारी झाकून ठेवली. मी चिडून सकाळच्या एसटीसाठी अर्ज लिहिला आणि घरोघर हिंडून सह्या घेतल्या. भाऊंनीसुद्धा सही केली. "आपला इरोध न्हाई," म्हणाले.

आणि एसटी खरोखर आली! फाट्यावर बरोबर सातला, बायकांना अर्धं तिकीट. नारळ मीच फोडला. आठ दिवस ऐटीत गेले. नवव्या दिवशी जीप थेट माझ्या दारात.

"फाट्यापत्तोर चालत कशाला जाता? बायांना आपल्याकडंबी अर्धंच. आन आता थांबायचं न्हाई, लगेच निघायचं."

हातात उत्तरपत्रिकांचा जड गठ्ठा होता. एकच दिवस, असं म्हणून बसले. आत बघते तर अर्जावर सह्या केलेली निम्मी मंडळी. फाट्यावर रिकामी एसटी उभी होती. कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही सगळ्यांनी पलीकडच्या उसाकडे.

तीन महिन्यांनी पत्र आलं : प्रवाशांअभावी फेरी बंद. अर्जदार मी, म्हणून माझ्याच नावे. त्याच आठवड्यात जीपमधलं बायकांचं अर्धं तिकीट संपलं आणि ती पुन्हा भरेपर्यंत थांबू लागली.

रविवारी फौजीकडे गेले. म्हटलं, रीतसर परमिट काढा, कागदपत्रं मी लिहून देते.

त्यानं चहा पुढे केला. "काढतो की. पण भाऊ दारात जीप घिऊन आला, तर तुमी माझ्या गाडीत बसाल का?"

"बसेन," मी म्हणाले. पण जरा उशिराच म्हणाले, आणि ते त्याच्या लक्षात आलं.