घाईचा ठेका

माझे हात कधी गप्प बसले नाहीत. वर्गात बाकावर, घरी ताटाच्या काठावर, वडिलांच्या दुकानात उघडून ठेवलेल्या पाण्याच्या मोटारीवर, जिथं जागा मिळेल तिथं बोटं चालायची. वडीगोद्रीच्या फाट्यावर वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. हायवेच्या गाड्यांच्या आवाजात माझं वाजवणं कुणाला ऐकू जायचं नाही. शाळेत मात्र ऐकू जायचं. आठवीत असताना भूमितीच्या बाईंनी दोनदा रागावून बघितलं आणि तिसऱ्यांदा मला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभी राहून मी दाराच्या चौकटीवर वाजवायला लागले आणि ते माझं मलाही कळलं नाही.

संगीताचे नवे सर तेव्हा व्हरांड्यातून चालले होते. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास पहिल्यापासून होता, पण त्या तासाला आम्ही गणितं सोडवायचो. त्या वर्षी पहिल्यांदा तासिकेवर सर मिळाले. आठवड्यातून तीन दिवस ते बदनापूरहून यायचे, रेल्वेनं जालन्यापर्यंत आणि पुढं एसटीनं. त्यांच्या वडिलांची भीमगीतांची गायन पार्टी होती. जयंतीच्या स्टेजवर सर लहानपणापासून ढोलकी वाजवत आले होते.

ते थांबले आणि जरा वेळ ऐकत राहिले.

"काय करून राह्यली?"

"काही न्हाई सर."

"काही न्हाई कसं? केरवा वाजवून राह्यली तू. पण किती पळतीस. कुठं जायचंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. फाटक्या व्हॉलीबॉलच्या जाळीखाली तबला होता आणि उंदरांनी कुरतडलेला डग्गा. डग्गा त्यांनी जालन्याहून मढवून आणला आणि मला समोर बसवलं. घरी सांगितलं तेव्हा आईनं एवढंच विचारलं की अभ्यासाचं काय. वडील वाइंडिंगच्या तारेवरून नजर न काढता म्हणाले, "शिकू दे. तसंही ती वाजवतीच."

पहिला महिनाभर मी नुसता 'धा' वाजवला. माझ्यासाठी ती शिक्षाच होती. पाय हलायचे, मान खाजायची, नजर खिडकीबाहेर जायची. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायचे. सेकंदाचा काटा एकदा हलला की एक 'धा'. मला दोन ठोक्यांमधली ती रिकामी जागा सहन व्हायची नाही. तिथं काहीतरी भरावं असं वाटायचं, आणि मी भरायची. सर म्हणायचे, "परत."

नववीत गेल्यावर सरांनी आमच्या वर्गातल्या सहा मुलींचा समूहगानाचा गट केला. पुढं गायची त्यातली माझी एक मैत्रीण. तिची आई अंगणवाडीत होती. स्वभावानं ही अगदी शांत, डोळे मिटून गायची. गाणं सरांनी स्वतः बांधलेलं होतं, गोदाकाठच्या पेरणीचं. तबल्यावर मी. मधल्या सुट्टीत पत्र्याच्या शेडखाली आमचा सराव चालायचा. त्या हिवाळ्यात जालन्याला जिल्ह्याची स्पर्धा होती आणि आमच्या शाळेतून आजवर कुणीच तिथं गेलं नव्हतं.

हॉलमध्ये आमचा अकरावा नंबर होता. सकाळपासून आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसून होतो. मी गुडघ्यावर वाजवत होते, खुर्चीच्या दांडीवर वाजवत होते. पुढं गाणाऱ्या मैत्रिणीनं माझा हात धरून खाली दाबला. "आताच सगळं वाजवून टाकशील," ती म्हणाली.

स्टेजवर पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्याला माझे हात सुटले. मैत्रिणीनं डोळे उघडून मागं बघितलं. मागच्या दोघींचे शब्द अर्धे तोंडातच राहत होते. मला ते दिसत होतं, कळतही होतं, तरी हात आवरत नव्हते. उतारावर सायकल सुटावी तसं झालं. वेळ संपल्याची घंटा व्हायच्या कितीतरी आधी गाणं संपून गेलं. टाळ्या पडल्या, आणि मध्येच कुणीतरी हसलं.

नंबर अर्थातच आला नाही. परतीच्या एसटीत कुणी माझ्याशी बोललं नाही. अंबड गेल्यावर मैत्रीण खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "आमचं गाणं घेऊन पळालीस तू."

शाळेचं गॅदरिंग महिन्यावर आलं होतं. गटातल्या मुलींनी ठरवलं की आता तबला नको. एकीच्या मामेभावानं त्याच गाण्याचं संगीत कीबोर्डवर वाजवून मोबाइलमध्ये भरून दिलं. मोबाइल स्पीकरला जोडायचा आणि त्यावर गायचं. सरांनी विरोध केला नाही. मी आठवडाभर शेडकडे फिरकले नाही. मग सरांनीच बोलावलं.

"रुसली का?"

"मला काढलं सर."

"मी न्हाई काढलं. पोरींनी काढलं, आणि त्यांचं बराबर आहे."

मी जायला वळले.

"उद्यापासून सरावाला येऊन बस," सर म्हणाले. "तबला आणायचा न्हाई. हाताची घडी. कोण कुठं श्वास घेतं तेवढं बघायचं."

ते पंधरा दिवस मला जड गेले. मैत्रिणी माझ्याकडे बघायच्या नाहीत. हाताची घडी घातली की कोपरात मुंग्या यायच्या. दोनदा मी पाण्याचं निमित्त करून उठून गेले आणि नळाजवळ उभी राहून टाकीवर वाजवून घेतलं. पण हळूहळू दिसायला लागलं. पुढचीचे खांदे दुसऱ्या ओळीआधी किंचित वर जायचे. मागच्या रांगेतल्या एकीला दम्याचा त्रास होता, ती प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्यायची आणि तेवढ्यात श्वास भरून घ्यायची. आठवीपासून मी यांच्यासोबत वर्गात बसत होते आणि मला हे माहीत नव्हतं. स्पर्धेत मी तिला त्या शेवटच्या शब्दापुरता वेळही मिळू दिला नव्हता. हे लक्षात आलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

गॅदरिंग दुपारी होतं. मुलींनी पहिलं कडवं संपवलं आणि लाईट गेली. स्पीकर बंद, माइक बंद. मुली थांबल्या. मागं पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. सर समोर पालकांमध्ये बसले होते, ते उठले नाहीत. स्वागतगीताला वापरलेला तबला स्टेजच्या कडेलाच होता. मी काही ठरवलं नव्हतं, पण तबल्याशेजारी जाऊन बसले. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं. ती नको म्हणेल असं वाटलं.

"हळू," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यांकडे बघत वाजवायला लागले. माइक नसल्यानं मागच्या लोकांना काही ऐकू जात नव्हतं आणि त्यांनी आपल्या गप्पा सुरू केल्या. तिसऱ्या कडव्याला हात पुन्हा पळायला लागले. या वेळी मला ते कळलं. मी दोन्ही तळवे तबल्या-डग्ग्याच्या काळ्या शाईवर दाबून धरले आणि दोन ओळी काहीच वाजवलं नाही. मुली गात राहिल्या. दमेवालीनं श्वास घेतला, मग मी सुरू केलं. तेवढ्यात लाईट आली. मोबाइल इतका वेळ चालूच होता, त्यामुळे स्पीकरमधून शेवटच्या कडव्याचं संगीत एकदम मोठ्यानं आलं. शिपाईमामा धावत गेले आणि वायर उपटली. तोवर आम्ही थांबलो नव्हतो. गाणं कसंबसं, पण सगळ्यांचं एकदम संपलं.

मुख्याध्यापक म्हणाले, छान. मैत्रीण स्टेजवरून उतरताना म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात जराशी पळालीसच." मग तिनं मला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. सर बसच्या घाईत होते. जाताना फक्त म्हणाले, "थांबलीस ते ऐकलं मी."

उन्हाळ्यात त्यांच्या तासिका संपल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा घेतलं नाही. संगीताच्या तासाला पुन्हा गणितं सुरू झाली. मी दहावीत होते. तबला ठेवलेल्या सामानाच्या खोलीची किल्ली मागायला मुख्याध्यापकांकडे तीनदा गेले, तिसऱ्यांदा त्यांनी दिली, फक्त मधल्या सुट्टीपुरती. सहावीच्या तीन मुली आपण होऊन येऊन बसल्या. मी त्यांना वाईट शिकवलं. चिडायची, हात धरून ओढायची. एक रडून गेली ती परत आली नाही. मी शाळेबाहेरच्या दुकानातून सरांना फोन लावला.

"मला न्हाई जमत शिकवणं, सर."

"बाकीच्या दोघी येतात का?"

"येतात. काल सुट्टी होती तरी आल्त्या."

"मंग त्यांना काय येतं ते आधी ऐक. बोलू नको."

मी ऐकायला लागले. मार्चपर्यंत दोघींना केरवा आणि दादरा नीट यायला लागला. त्यातली एक माझ्यापेक्षा कितीतरी स्थिर वाजवायची, आणि तिच्या शेजारी बसले की दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत माझी बोटं अजूनही पुढं पळायची.