‘परत एकदा’ आणि दोन टायर

कारखान्यात ह्यांना सगळे ‘परत एकदा’ म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण तोंडावर म्हटलं असतं तरी ह्यांनी मान वळवून “काय हो?” एवढंच विचारलं असतं. बुटांच्या कारखान्यात ह्यांचं काम तळ तपासायचं. रबरी तळ यंत्रात अडकवायचा, यंत्र तो वाकवत राहणार, तडा गेला की माल नापास. एवढं सरळ काम. पण तडा गेला की हे म्हणायचे, “कापतानाच कड चिरली असेल. परत एकदा लावून बघू.” दुसराही गेला, तर रबर गार होतं. तिसरा गेला, तर यंत्राचाच मूड बरा नव्हता. रबराची इतकी बाजू घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझी एवढी कधी घेतली नाही.

निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता तरी रबर सुटेल. कसलं काय! ह्यांना दगडांवर चढणाऱ्या गाड्यांचं वेड लागलं. बुटाच्या खोक्यात मावेल एवढी गाडी, हातात रिमोट, आणि ती मुंगीच्या चालीने दगडावर चढवायची. वेग नाही, शर्यत नाही. गावाबाहेरच्या बंद खाणीत सुट्टीच्या दिवशी चांगली टक्कल पडलेली माणसं उकिडवी बसतात आणि एक गाडी एक दगड चढली की एकमेकांना टाळ्या देतात. “ह्यात मजा ती काय?” मी एकदा विचारलं. “पडत नाही ना, हीच मजा,” हे म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

ह्यांची रबराची जाण ऐकून त्या गाड्यांच्या दुकानदाराने ह्यांना एक काम सांगितलं. टायरचे दोन प्रकार त्याच्याकडे नमुन्याला आले होते. त्यातला कोणता दुकानात ठेवायचा ते ठरवून द्या, म्हणाला. चार चाकांचा एक संच, असे दोन संच. एकाला मोठे मोठे, लांब लांब दात. दुसऱ्याची नक्षी बारीक आणि रबर मऊ, नखाने दाबलं तर वळ उठेल असं. आम्ही त्यांना दातेरी आणि मऊ म्हणायला लागलो. दोन्हींच्या आत हवेऐवजी स्पंजाचं कडं, आणि टायर दबला की आतली हवा निघून जावी म्हणून चाकाला बारीकशी भोकं. हे सगळं मला त्यांनी भाजी चिरताना समजावलं. मी ऐकत नव्हते, तरी राहिलं डोक्यात.

त्याच आठवड्यात आमची चिंगी बॅग घेऊन आली.

चिंगी म्हणजे आमची लेक. एकुलती एक, चष्म्याच्या दुकानात काम करते, काचा बसवते, दांड्यांचे स्क्रू आवळते. बॅग घेऊन येण्याची तिची ही पहिली खेप नव्हती. जावई तसा दिसायला, बोलायला चांगला. पण बिनसलं की दिवसचे दिवस तिच्याशी बोलायचा नाही, ताट भिरकावून द्यायचा. ह्या वेळी ती कामावरून परतली तर त्याने आतून कडी घातली आणि संध्याकाळभर तिला जिन्यात बसवून ठेवलं. शेजारीपाजारी येता जाता बघत होते. ती चष्म्याची डबी उघडत, मिटत बसली होती म्हणे, किल्ली हरवली आहे असं वाटावं म्हणून.

दर खेपेचा शेवट ठरलेला. थोडे दिवस गेले की जावई न्हाऊनमाखून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. मान खाली, आवाज मऊ. आणि आमचे हे माझ्याकडे न बघता म्हणणार, “परत एकदा बघू.” चिंगी बॅग भरणार. मग काही आठवडे तो इतका चांगला वागायचा की आम्हालाच वाटावं, आपली पोरच तापट आहे.

ह्या वेळी त्याचा फोन आला, रविवारी न्यायला येतो म्हणून. चिंगी ह्यांच्या समोर बसली आणि म्हणाली, “बाबा, माझं डोकं चालत नाही. तो वाईट आहे म्हणावं तर चांगला वागलेलाही आठवतो. तुम्ही सांगाल तसं करते.”

हे म्हणाले, “बघू,” आणि उठून गच्चीवर टायर तपासायला गेले.

माझा असा संताप झाला! मागून गेले. “अहो, पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही खेळता?”

“अगं, हे दोन टायर. ह्यातला बरा कोणता, एवढं साधं मला ठरवता आलं नाही, तर ते कसं ठरवू?”

 मला तरी काय कळत होतं? सकाळी वाटायचं, आता पोरीला पाठवायची नाही. दुपारी वाटायचं, आपण काय जन्मभर पुरणार आहोत का तिला? संध्याकाळी तिला हसताना बघितलं की पुन्हा सकाळचं. माझं नुसतं तळ्यात-मळ्यात चाललं होतं, फक्त मी ते कुकरच्या शिट्ट्यांमागे लपवत होते.

गच्चीवर ह्यांनी एक फळी तिरपी लावली होती. तिच्यावर चपटे दगड सिमेंटने बसवलेले, आणि अगदी वर एक पुढे डोकं काढलेला दगड. खरी परीक्षा तिथे. गाडीने कुठून जायचं ती खडूची रेघ आखलेली, बॅटरी दर वेळी भरलेली, सुरुवात त्याच खुणेवरून. कारखान्याची शिस्त अंगात मुरलेली. पहिल्या दिवशी दातेरी टायरांच्या फटींत दुकानातली धूळ दिसली, म्हणून ते धुऊन-पुसून लावले आणि गाडी सोडली, ती एकेक दगड मागे टाकत वर पोचली. मऊ टायर तसेच लावले, तर वरच्या दगडाशी नाक वर केलं, मागे कलंडली आणि टप्पे खात खाली आली. बाजूचा आरसा तुटला.

“झालं,” मी म्हटलं, “दातेरी.”

“छे छे. मऊ रबराला धूळ चिकटते. धुळीने हरला असेल तो. परत एकदा बघू.”

मग मऊ टायर बादलीत बुडवले, चोळचोळून धुतले, जुन्या मऊ फडक्याने नीट कोरडे पुसले. दातेरीला मात्र हात लावला नाही, कारण जिंकलेल्याला छेडायचं नाही, हा कारखान्यातलाच नियम. दुसऱ्या सकाळी मऊ टायर सरसर वर. आणि कालचा विजेता दातेरी त्याच दगडावरून उलटा. हे खूश होऊन खाली आले, “बघ, मी म्हटलं नव्हतं? मऊच बरा.” पण चहा संपायच्या आत चेहरा पडला. “पण मग दातेरी काल चढला कसा?” म्हणून आता दातेरी बादलीत.

तिसऱ्या दिवशी दातेरी वर, मऊ खाली. पुढच्या दिवशी नेमकं उलट. माझ्या डोक्याचा भुगा झाला. ऊन, वारा, गच्चीची ओल, माझं तिथे उभं राहणं, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. एकदा तर मला म्हणाले, “तू जरा जिन्यात थांब, बघू काय होतं.” मी थांबले. गाडी पडलीच. दुकानदाराचा फोन आला की हे “जरा एक दिवस” म्हणायचे. चिंगी काही विचारायला आली तरी तेच. घरात दोन भिजत घोंगडी, आणि दोन्हींचा धनी एकच.

गाडी रोज आपटत होती. संध्याकाळी कामावरून आली की चिंगी मुकाट्याने ती मांडीवर घ्यायची. चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर काढून आरसा बसवायची, पुढचा बंपर सरळ करायची, फुटलेला दिवा डिंकाने चिकटवायची. गाडीच्या टपावर इतके ओरखडे उठले होते की मूळ रंग निळा होता हे आठवून सांगावं लागलं असतं. “बाबा, हिला किती वेळा पाडणार?” तिने एकदा विचारलं. “टायरचा निकाल लागेपर्यंत,” हे म्हणाले.

शनिवारी दुपारी मी इस्त्री केलेली चादर घ्यायला गेले, तर ह्यांनी ती टायरांखाली घातलेली. दोन्ही संच ओळीने मांडलेले. मी चाकं उचलली आणि किंचाळलेच. चादरीवर चार गोल ओले डाग. “अहो! ओले टायर माझ्या चादरीवर?”

“ओले कसे असतील? मी स्वतः पुसलेत.” हे तावातावाने आले. टायर गालाला लावून बघितला. वरून खडखडीत कोरडा. मग काय वाटलं कोण जाणे, अंगठ्याने जोरात दाबला. चाकाच्या भोकातून पाण्याची धार निघून माझ्या पायावर पडली.

शनिवारी चिंगीला अर्धाच दिवस काम, माझी किंकाळी ऐकून तीही आली. मग चिंगीनेच स्वयंपाकघरातला पीठ मोजायचा काटा आणला. एका पारड्यात धुतलेलं चाक, दुसऱ्यात न धुतलेलं. धुतलेल्या चाकाचं पारडं धप्पकन खाली गेलं.

“म्हणजे हे टायर चढतच नव्हते,” हे सावकाश म्हणाले. “आतला स्पंज पाणी प्यायला की चाक जड व्हायचं आणि गाडीचं नाक दाबून धरायचं. पाणी चढत होतं. दुसऱ्या दिवशी वाळलं की हा मूळचा जसा आहे तसा. आणि मी हरलेल्यालाच धुवत होतो!”

मला हसू आवरेना. आठवडाभर ह्या माणसाने न्याय करायला म्हणून हरलेल्याला आंघोळ घातली, आणि आंघोळीनेच सगळा न्याय बुडवला. पण हे हसले नाहीत. आम्ही स्क्रू काढून टायर सोडवले, स्पंज पिळून उन्हात टाकले. हे त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले, अगदी ऊन उतरेपर्यंत. रात्री एकच पोळी खाऊन उठले. मी विचारलं, “काय झालं?” तर म्हणाले, “काही नाही. वाळू दे.”

रविवारी सकाळी कोरड्या टायरांची परीक्षा झाली. दातेरी वरच्या दगडाशी पोचून घसरले. मऊ त्याच्याही आधी. पडता पडता गाडीचा आरसा पुन्हा गेला, ह्या वेळी काचेसकट. ह्यांनी दुकानदाराला फोन लावला. “दोन्ही नकोत,” म्हणाले. त्याने बहुतेक विचारलं असावं, त्यातल्या त्यात बरा कोणता. “त्यातल्या त्यात कशाला? तिसरा नाहीच का जगात?” आणि फोन ठेवला. इतकं तडकाफडकी बोलताना मी ह्यांना ऐकलं नव्हतं. मलाच गोंधळल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने जावई आला. ओले केस, साबणाचा वास, इस्त्रीचा शर्ट. खुर्चीच्या कडेवर बसला आणि सुरू झाला. चुकलं, रागाच्या भरात झालं, ह्यापुढे असं होणार नाही. खरं सांगते, डोळ्यांत पाणीही होतं त्याच्या. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. माझं मन लगेच पातळ व्हायला लागलं. चिंगी दाराच्या चौकटीला टेकून ह्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते दोन शब्द आता येणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटतं, त्यालाही.

हे उठले आणि फडताळावरून ती गाडी घेऊन आले. जावयाच्या समोर टेबलावर ठेवली.

“हिच्याकडे बघा.”

जावई बघायला लागला. काय बघायचं ते त्याला कळेना.

“आठवडाभर मी दोन टायरांची परीक्षा घेतली. हरेल त्याला धुवायचो आणि आणखी एक संधी द्यायचो. मला वाटायचं, मी किती न्यायाने वागतोय. टायरांना काय झालं? काही नाही. दर खेपेला खाली आपटली ती ही.”  मग ते चिंगीकडे वळले. “तुला चढावर मीच पाठवत होतो गं. संधी ह्यांना द्यायचो आणि आपटायचीस तू. एवढं मला कळू नये? चुकलं माझं.”

“बाबा, मला काही समजलं नाही,” जावई म्हणाला.

“मलाही फार उशिरा समजलं,” हे म्हणाले. “आता तिला विचारा. ती म्हणेल ते.”

जावयाने चिंगीकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं, कारण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते माझं मलाच माहीत नव्हतं.

“मी येणार नाही,” चिंगी म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. तो पाणी प्यायला आणि गेला. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदाने की भीतीने, ते अजून ठरलेलं नाही.

बाहेर आले तेव्हा हे खुर्चीत बसले होते, आपण नक्की काय करून बसलो अशा चेहऱ्याने. चिंगीने गाडी मांडीवर घेतली होती आणि रिकाम्या आरशातून बोट फिरवत होती.

“ह्याला नवी काच लागेल, बाबा,” ती म्हणाली. “उद्या कामावरून घरी येताना कापून आणते.”