भोपळ्यातलं कासव आणि माझी न झालेली सतार

आज सकाळी मिरजेत माझी धाकटी बहीण नूरी गेली, आणि मला अजून तिचा हेवा वाटतो आहे.

शॉक बसला असेल तर बसू दे. नव्वदी उलटलेल्या बाईला खोटं लिहायला वेळ नसतो.

आरआयपी टाइप करून पुढं जाऊ नका. आधी वाचा.

आमचे अब्बा सतारी आणि तंबोरे करायचे. पुढच्या खोलीत कारखाना, मागं आम्ही.

लढाईचे दिवस होते. मालगाड्या फौजेला लागायच्या, त्यामुळे भोपळे येईनात. आणि भोपळ्याशिवाय सतार होत नाही.

मी दहा वर्षांची होते. मला सतार हवी होती. लहानशी, माझ्या मांडीवर मावेल एवढी.

कारागिराच्या घरात पोरी वाद्यं पुसतात, वाजवत नाहीत. तरी मी मागितली.

अब्बा नाही म्हणाले नाहीत.
"भोपळा कुटं हाय बेटा? आला की बघू."

माळ्यावर एकच भोपळा उरला होता. चांगला घागरीएवढा. मी त्याच्याकडं बोट दाखवलं की म्हणायचे, "त्यो न्हाई." का, ते सांगायचे नाहीत.

त्याच वर्षी मामू फौजेतून रजेवर आले. कवठे महांकाळला घरी जाताना मिरजेत उतरले. नूरीसाठी तळहाताएवढं कासव आणलं, माझ्यासाठी पाटी.

मी हुशार ना, म्हणून पाटी.

(आज असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. तेव्हा कुणी विचारत नव्हतं. कॉमेंटमध्ये कायदा शिकवू नका.)

थंडी पडली आणि कासव खायचं थांबलं. मान आत, पाय आत. नूरी सहा वर्षांची. तीही जेवेना.

"अब्बा, त्याला लय थंडी वाजती."

अब्बा उठले. माळ्यावरचा तो भोपळा खाली काढला.

मी दारात उभी राहून बघत होते.

भोपळा आडवा ठेवला. बारीक करवतीनं त्याला दार कापलं, चामड्याच्या पट्टीवर बसवलं. हवेसाठी वर दोन भोकं पाडली. आत रंध्याचा मऊ भुसा. मग सगळा भोपळा एका खोक्यात, भोवती गच्च पेंढा. खोकं कुठं ठेवलं? लाकूड चिकटवायचा सरस शिजवायची शेगडी दिवसभर पेटलेली असायची, तिच्या कोपऱ्यात. संध्याकाळी अम्मी एक वीट तापवून, गोणपाटात गुंडाळून खाली सरकवायची.

एवढ्यावर थांबले असते तर मी सोसलं असतं.

अब्बांनी त्या दाराभोवती वेलबुट्टी काढली. गिऱ्हाइकाच्या सतारीवर काढायचे तशी.

कासवाच्या घरावर वेलबुट्टी!

तिसऱ्या दिवशी कासवानं मेथी खाल्ली. गल्ली बघायला लोटली. शेजारीण म्हणाली, "नूरी लय नशिबाची बया!"

मी पाटीवर गणितं करत होते.

माझा हिशोब साधा होता. कासव गेलं की भोपळा मोकळा. भोपळा मोकळा झाला की सतार. कापलेल्या दाराचं काय? अब्बा भोपळ्याची भोकं लाखेनं बुजवायचे, मी रोज बघायचे. दारही बुजवतील, असं मला वाटलं.

एका संध्याकाळी अब्बा नमाजला गेले, अम्मी चुलीशी. मी कासव उचललं आणि परसात विहिरीमागच्या दगडावर नेऊन ठेवलं. भोपळ्याचं दार उघडं टाकलं, म्हणजे ते आपणच चालत गेलं असं वाटावं.

परत आले तर उंबऱ्यावर नूरी. माझ्या रिकाम्या हातांकडं बघत होती. तेव्हा तिला काही कळलं नाही.

सकाळी कळलं.

कासव दगडासारखं गार पडलं होतं. अम्मी म्हणाली, "गेलं गं ते." नूरीनं ओढणीत घेतलं आणि उन्हात बसली. उठली नाही. दुपारकडं एक पाय हलला.

अब्बांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"दार कुणी उगडं टाकलं?"



नूरीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी. लावायचं इसरले."

"जीव सांभाळता येत न्हाई, तर ठिवायचा न्हाई," अब्बा म्हणाले. रजा संपवून मामू परत निघाले तेव्हा त्यांना मिरजेच्या गाडीवर सोडायला आलेल्या गड्याबरोबर कासव कवठे महांकाळच्या शेतावर पाठवलं.

आठवड्याभरानं मी निर्लज्जपणे विचारलं.
"अब्बा, आता भोपळा मोकळा झाला."

त्यांनी तो माझ्या कानाशी धरला आणि बोटानं टिचकी मारली. बद्द.

"तडा हाय त्याला. बोलत न्हाई त्यो. म्हणून तर कासवाला दिला. असला भोपळा तुझ्या सतारीला लावू व्हय? तुझ्यासाठी चांगला बघतोय न्हवं का मी!"

पुढच्या साली चांगला भोपळा आला. मीच म्हणाले, नको.

मी कॉलेज केलं, साताऱ्यात शाळा चालवली, तीन पिढ्यांना धाकात ठेवलं. नूरी मिरजेतच राहिली. आज तिच्या दारात माणसं मावत नव्हती. माझ्यासाठी इतकी येतील का, हा विचार तिथंही माझ्या मनात आला.

गेल्या महिन्यात फोनवर शेवटी मी बोलले.
"नूरी, ते कासव मी बाहेर ठेवलं होतं."

"ठाव हाय की, आपा."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुला मार बसला असता. मला अब्बा कवाच मारायचे न्हाईत."

बघा! तेच तर मला आयुष्यभर डाचत होतं.

तर ही विचारते, "जेवलीस का?" मी म्हणाले, "हो."

नूरी, मी जेवले नव्हते. तुझ्याशी खोटं बोलले.

अल्लाच्या हवाली केलं तुला.

तुझी आपा