दोन थडगी, एक घोडा

बब्रुवानशी कुणी कुठल्याही विषयावर बोलायला लागलं, की थोड्या वेळात तो विषय घोड्यावर बसतो. पीकविम्याचं काढा, गुडघेदुखीचं काढा, हा म्हणणार, "ते ऱ्हाऊ द्या. 'सोन्यासाठी गोळी' भारी का 'गोळीसाठी सोनं'?" अणदूरच्या स्टँडवरच्या हॉटेलात त्याला येताना बघून लोक अर्धा चहा सोडून उठतात. मला उठता येत नाही. मी सिद्धाराम, त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि माझी शिक्षा अजून संपलेली नाही.

ही सगळी करणी तंबू टॉकीजची. आम्ही पोरं होतो तेव्हा खंडोबाच्या यात्रेत तंबू लागायचा. तंबूवाला कुठून तरी स्वस्तात इटलीवाल्यांनी काढलेले काउबॉयचे पिक्चर आणायचा. उजाड माळ, दाढी वाढलेले टोपीवाले, बराच वेळ एकमेकांकडं टक लावून बघणं आणि मग गोळीबार. इंग्रजी कुणाच्या बापाला कळत नव्हतं, म्हणून तंबूवाल्याचा एक माणूस माइकवर मराठीत सगळं सांगायचा. त्याच्या सांगण्यात शेरीफचा फौजदार व्हायचा आणि हिरो घोड्यावरून उतरून "रामराम पाटील" म्हणायचा. पिक्चरची नावंही तंबूवालाच ठेवायचा. गोळी, सोनं, थडगं, घोडा, बदला एवढ्या शब्दांत त्याचं सगळं दुकान चालायचं. 'बदल्याचा घोडा' आणि 'घोड्याचा बदला' हे दोन्ही एकाच यात्रेत बघितल्यावर कुठल्यात कोण मेला हे शहाण्या माणसाला सांगता येत नसे.

बब्रुवानला येतं. सगळ्यांची उतरंड त्यानं लावून ठेवलीय आणि सगळ्यात वर 'दोन थडगी, एक घोडा'. दोन जिवलग दोस्त, त्यांच्या मागावर एक फौजदार. फौजदार मरतो, ते पहिलं थडगं. शेवटच्या रिळात लाकडी पुलावर हिरव्या रुमालवाला दोस्त दुसऱ्याच्या वाटची गोळी आपल्या छातीवर घेतो, ते दुसरं. मग उरलेला दोस्त एकटाच घोड्यावर बसून निघून जातो. "मेला म्हणून तर पिच्चर भारी," बब्रुवान सांगतो. "जगला असता तर कुणी याद ठेवलं असतं का?" ह्या एका वाक्यासाठी त्यानं दोन मित्र, एक साडू आणि पंचायत समितीचा एक सभापती तोडलाय.

तुम्हाला हे गमतीचं वाटेल. कस्तुरावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारा. मुलीचं, राजेश्वरीचं, मागचं स्थळ ह्यातच मोडलं. मुलाचे मामा जेवताना नुसतं एवढंच बोलले, की मला 'बदल्याचा घोडा' बरा वाटला होता. बब्रुवाननं हातातला घास ताटात ठेवला. पाहुणे त्या दिवशी भात न खाताच गेले. तेव्हा राजेश्वरीनं वाईट वाटून घेतलं नाही, कारण तो मुलगा तिला तसाही आवडला नव्हता.

ह्या वेळचं वेगळं होतं. राजेश्वरी तुळजापुरात एका लॅबमध्ये रक्त तपासते. नळदुर्गच्या दिग्विजयचं खताचं दुकान आहे. दोघं एकमेकांना पसंत होते आणि पोरीनं आईला तोंडावर सांगितलं होतं, की करीन तर इथंच. मध्यस्थ मी. पाहुणे यायच्या आधी वहिनींनी नवऱ्याला देवापुढं उभं केलं. "अवो, आज घोड्यावर बसायचं न्हाय. बसलात तर तसंच फुडं निघून जावा, घरला यिऊ नका." बब्रुवाननं कानाच्या पाळ्या धरल्या.

आणि खरंच, तो शहाण्यासारखा वागला. पोहे झाले, चहा झाला, मानपानाचं बोलणं झालं. मुलाचे वडील अंबादासराव मोकळ्या स्वभावाचे निघाले. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मी सुपारीचं ताट अंबादासरावांपुढं सरकवलं, तेवढ्यात दिग्विजयचा फोन वाजला. रिंगटोन म्हणजे नुसती शिट्टी, माळावरच्या वाऱ्यासारखी लांबलचक.

बब्रुवाननं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"ह्ये याड आमचंच," अंबादासराव हसून म्हणाले. "ल्हानपणी तंबूत लई पिच्चर बघितले घोड्याचे. पर 'एक थडगं, दोन घोडे'ची सर कशालाच न्हाय."

"'दोन थडगी, एक घोडा' म्हणायचंय का तुमाला?" बब्रुवाननं फार हळू विचारलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

"न्हाय न्हाय. एक थडगं, दोन घोडे."

"असला पिच्चरच न्हाय, पाव्हणं."

"नळदुर्गात लागलेला. तुमच्याकडं आला नसंल."

"अणदूरला न आलेला पिच्चर नळदुर्गला येतोय व्हय? देव तेवढा वाटून घेतो तुमच्यासंगं. पिच्चर न्हाय!"

हे मात्र नाजूक होतं. आमचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला मुक्कामाला असतो आणि त्याच्या येण्याजाण्याचा दोन्ही गावांत रीतसर लेखी करार होतो. तरी दोन्हीकडच्या माणसांना वाटतं, देव मूळचा आपला आणि समोरचे नुसते सांभाळायला नेतात. अंबादासरावांनी ताट मागं सारलं. राजेश्वरी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून मला बब्रुवानच्या पाठीत बुक्की घालावीशी वाटली.

"सांगा मग स्टोरी," बब्रुवान म्हणाला.

अंबादासराव सांगू लागले. दोन जिवलग दोस्त. मागावर फौजदार. हिरवा रुमाल. फौजदाराचं थडगं. मग दोघं दोन घोड्यांवर बसून लाकडी पुलाकडं निघतात. "आन् संपतो. जातेत दोघं."

बब्रुवाननं परत माझ्याकडं बघितलं. ह्या वेळी मीही बघितलं, कारण आम्हाला एकदमच उमगलं. आमच्या यात्रेतल्या शेवटच्या खेळाला मशीनमध्ये रीळ जळालं होतं, तेच, शेवटचं. पुलाच्या मधोमध भोक पडलं आणि बघता बघता सगळा पडदा खाऊन गेलं. आम्ही दोघं पुढंच मातीत बसलो होतो. तंबू तिथून नळदुर्गला गेला. रिळाबरोबर एक थडगं गेलं आणि एक घोडा वाढला. तंबूवाला इमानदार माणूस, जेवढं दाखवणार तेवढंच त्यानं बोर्डावर रंगवलं.

बब्रुवानचा चेहरा उजळला. जन्मभरात एवढा मोठा हुकमाचा पत्ता त्याच्या हाती लागला नव्हता. त्यानं मांडी बदलली, घसा साफ केला. मी मनातल्या मनात ह्या सोयरिकीच्या फोटोला हार घातला.

पण अंबादासराव अजून बोलतच होते. "थोरला भाऊ खांद्यावर बसवून न्यायचा मला तंबूत. पिच्चर संपला तसा मी रडाय लागलो, फुडं काय झालं म्हून. दादा म्हणला, काय व्हायलंय येड्या, जायलेत की दोघं, अजून जायलेत. फुडच्या साली दादा तापानं गेला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लोक म्हणतेत गेला. मी आपला म्हणतो, जायलाय."

बब्रुवानचं तोंड उघडं होतं ते त्यानं मिटलं, परत उघडलं.

"तुमचाच पिच्चर भारी हाय, पाव्हणं," तो म्हणाला.

आतून वहिनी धावत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, नवऱ्याला काही तरी झालं.

"आन् तुमच्यातली दोन थडगी कुणाची वो?" अंबादासरावांनी विचारलं.

"एक फौजदाराचं," बब्रुवान म्हणाला. मग अडला. चाळीसेक वर्षांत त्याला ह्या पिक्चरवर अडलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. "आन् एक खेचराचं."

"खेचराचं थडगं?"

"इटलीत बांधतेत."

"आन् घोडा एकच कसा?"

"हायेत की दोन. बोर्ड ल्हान होता, दुसरा मावला न्हाय."

अंबादासराव इतके हसले की ठसका लागला. हसतच त्यांनी सुपारी उचलली आणि फोडली. राजेश्वरी आत पळाली आणि वहिनी साखर घेऊन सगळ्यांच्या तोंडात कोंबत सुटल्या.

गडबडीत बब्रुवान अंगणात जाऊन उभा राहिला होता. मी मागनं गेलो. मला त्याच्याबद्दल इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, म्हणून त्याला डिवचलं.

"हरलास की रे शेवटी."

"हारलो कशाला," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "मला बी त्यो रुमालवाला जगायला पायजे होता, सिद्धाराम. रीळ जळायच्या आदी तीनदा बघितला म्या. तिन्ही खेपंला मेला."