काही तक्रार? नाही, साहेब

मामाने तोफेवर एकवीस वर्षं काढली आणि दोन्ही कान तिथेच ठेवून घरी आला. आल्यावर बाजाराच्या मागच्या गल्लीत पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. चालू पंख्याच्या जाळीवर तळवा ठेवला की कुठलं बेअरिंग गेलंय ते त्याला कळतं. समोरचं गिऱ्हाईक काय म्हणतंय ते कळत नाही. ते मामी त्याच्या कानाशी ओरडून सांगायची. चोवीस वर्षं ओरडली. त्यांच्या घरातली भांडणं आणि भाजीचे बेत सगळ्या गल्लीला तोंडपाठ होते.

यंदा मामीच्या घशात गाठ निघाली. आवाज बसला, नुसती कुजबुज उरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकोणीस तारखेला स्वरयंत्र काढायचं. जीव वाचेल, आवाज जाईल. मी हे मामाला पाटीवर लिहून दाखवलं. 

"त्याआधी मला तिचं बोलणं एकदा नीट ऐकायचंय," तो म्हणाला. "ओरडणं नको. साधं बोलणं."

ऑपरेशनच्या खर्चाने घर आधीच धुऊन नेलं होतं, त्यामुळे कानाचं यंत्र विकत घेणं शक्य नव्हतं. पण नोकरीत कान गेलेल्या सैनिकाला ते सरकारकडून मिळतं. हे मामाला चोवीस वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नाही. मलाही अपघातानेच कळलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते आणि माजी सैनिकांच्या सवलतींची पुस्तिका माझ्याच टेबलावर आली होती. 'सेवाजन्य श्रवणऱ्हास' म्हणजे तोफेने कान गेले, हे कळायला मला ते वाक्य तीनदा वाचावं लागलं. माझा धंदाच वाचण्याचा आहे. ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांनी काय करायचं?

तीन तारखेला आम्ही माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. बाकावर बहुतेक सगळे कानामागे तळवा धरून बसलेले, आणि कारकून नंबर पुकारत होता तोंडाने! दोघांचे नंबर माझ्यादेखत हुकले. कारकून त्यांच्यावरच खेकसला, "लक्ष कुठे असतं तुमचं?"

आमची पाळी आली तेव्हा त्याने मामाची जुनी फाइल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद. 'तक्रार : नाही.' खाली मामाची सही.

"ह्यांनीच लिहून दिलंय, ताई. कान तेव्हा ठणठणीत होते."

"मामा, हे काय?" मी पाटीवर लिहिलं.

"डॉक्टरसाहेबांनी विचारलं, काही तक्रार? मी टाचा जुळवून म्हटलं, नाही, साहेब."

"अरे, ते कानाबद्दल विचारत होते!" मी खाली लिहिलं.

"मला काय ठाऊक? तक्रार म्हणजे साहेबांविरुद्ध, पलटणीविरुद्ध. जाता जाता कोण करतं ती?" मग तो म्हणाला, "दोनदा विचारलं त्यांनी. पहिल्यांदा मला ऐकू आलं नव्हतं."

दोनदा! समोरच्या माणसाला प्रश्न ऐकू येत नाही हे बघूनही त्या डॉक्टरने 'नाही' लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. मी बाकावरच्या पाच जणांना पाटीवर लिहून विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं होतं? चौघांनी हेच दिलं होतं. पाचव्याला प्रश्नच ऐकू आला नव्हता, त्याने नुसती मान हलवली होती. पोटदुखीलाही तक्रार आणि बंडालाही तक्रार, हे भाषेत चालून जातं. पण त्या एका शब्दावर म्हाताऱ्यांना हाकलणाऱ्या टेबलाची मला किळस आली.

मी नवा अर्ज केला. तो जुन्या नमुन्यावर होता म्हणून परत आला. मग कार्यालयाने सोबतच्या तोफचीचा जबाब मागितला. मामाच्या तोफेवरचा एकच गडी हयात होता, त्याला फोन केला तर तो नुसता "काय? काय?" करत राहिला. शेवटी त्याच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं, जबाब पाठवते म्हणाली आणि हळूच विचारलं, "ह्यांच्या कानांचंही काही मिळतं का हो?" जबाब आला. मग मंजुरीची सही करणारे साहेब रजेवर गेले. फाइल त्यांच्या कुलपात. मी रोज खिडकीवर जाऊन एकोणीस तारीख सांगत होते आणि कारकून रोज चहा ढवळत "होईल हो" म्हणत होता.

एकोणीसला मामीचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी तिने मामाच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगितलं होतं. त्याने मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "काय म्हणाली, कळलं नाही गं."

मंजुरी पुढच्या महिन्यात आली. आम्ही तिघं सैनिकी दवाखान्यात गेलो. यंत्र बसवणारा भला माणूस होता. त्याने मामाच्या कानात यंत्र घातलं, बारीक बटण फिरवलं आणि गळ्याला रुमाल बांधलेल्या मामीकडे बघून हसत म्हणाला, "हं बाई, आता ह्यांच्याशी काहीतरी बोला."

मामी माझ्याकडे बघत राहिली. मामा तिच्याकडे, मान पुढे काढून.

मग मीच बोलले. त्या डॉक्टरबद्दल, त्या खिडकीबद्दल, त्या कुलपाबद्दल जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मामाला शब्द न् शब्द ऐकू आला.